आपल्याच स्मृतिसंध्येला पहिल्या रांगेत

उज्जैनमधल्या निम्म्या माणसांनी शरयूताई दिघ्यांचा आवाज ऐकला होता आणि त्यांतल्या फार थोड्यांनी त्यांना पाहिलं होतं. रेल्वे स्टेशनवर त्या अनाउन्सर होत्या. चौकशीच्या खिडकीमागे एक लहानशी केबिन, तिला एकच काच, तीही पार्सल ऑफिसच्या भिंतीकडे. तिथे बसून त्यांनी जवळजवळ आख्खी नोकरी केली. गाड्या आल्याचं सांगितलं, सुटल्याचं सांगितलं, हरवलेल्या मुलांची नावं सांगितली, आणि यातली एकही गाडी किंवा एकही मूल त्यांना आपल्या खुर्चीवरून कधी दिसलं नाही.

माझी त्यांच्याशी ओळख मराठी मंडळातली. मी मंडळाची कार्यवाह. खुर्च्या, पाण्याचे जार, पाहुण्यांचे हार, कोणाला शाल आणि कोणाला नुसतं फूल, या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. शरयूताई मंडळाच्या सभासद होत्या, आणि सभासद म्हणून कटकटीच्या होत्या. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. त्यांना ते आवडलं होतं.

दिसायला बेताच्या उंचीच्या, सावळ्या, केस आखूड कापलेले. साड्या भैरवगढच्या छापाच्या, बहुतेक गर्द निळ्या. त्या घ्यायला स्वतः भैरवगढला जायच्या आणि दुकानात बसून एक लोटा पाणी मागायच्या. रंग जाईल का, हे विचारायची त्यांची पद्धत नव्हती. दुकानदाराच्या डोळ्यांदेखत पदराचं टोक लोट्यात बुडवायच्या, पिळायच्या आणि पाण्याकडे बघत बसायच्या. पाणी स्वच्छ राहिलं तर पैसे. दुकानदार म्हणायचा, दीदी, भरोसा तो रखो. त्या म्हणायच्या, रखा है, इसीलिए तो पानी मंगाया.

फोनवर हॅलो म्हणत नसत. "प्रतिभा, मी टॉवर चौकात आहे. टॉवर चौकात आहे." एवढं बोलून फोन बंद. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, ही नोकरीची सवय. पण "पाच मिनिटांत पोचते" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्या फक्त कुठे आहेत ते सांगत. किती वेळ लागेल ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

याच्यामागे एक जुना किस्सा होता, आणि तो मला त्यांनी नाही, एका निवृत्त गार्डने सांगितला. एका हिवाळ्यात धुक्यामुळे भोपाळकडची गाडी सकाळपासून अडकली होती. प्लॅटफॉर्म भरलेला. वरून तोंडी हुकूम आला की लोक चिडतील, तेव्हा "गाडी थोड्याच वेळात येत आहे" एवढंच सांगत राहा. शरयूताईंनी तसं एकदा सांगितलं. मग बाहेरून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज त्यांच्या कानावर आला, ती आपल्या सुनेला म्हणत होती की येतेच आहे गाडी, तर मी बाथरूमला जात नाही. शरयूताईंनी माइक परत चालू केला आणि सगळ्या स्टेशनला ऐकवलं: "गाड़ी कब आएगी, यह हमें नहीं बताया गया है। पता चलते ही आपको बताया जाएगा। तब तक आराम से बैठिए।" लोक हसले, पथाऱ्या पसरल्या, चहावाल्यांचा धंदा झाला. शरयूताईंना मेमो मिळाला. त्याला उत्तर म्हणून त्यांनी लिहिलं की माझ्या घोषणेतलं कोणतं वाक्य खोटं होतं ते कळवावं. कोणी कळवलं नाही.

नोकरीच्या अगदी शेवटी रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं यंत्र आलं. त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. डोक्यावर स्पीकर बोलायचा की यात्रियों को हुई असुविधा के लिए हमें खेद है, आणि खाली शरयूताई समोरच्या माणसाला सांगायच्या, "खेद उसे नहीं है, मुझे है. बोलो, कहाँ जाना है."

मंडळातही त्यांचं असंच. लग्न केलेलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला करंडा त्यांच्यापर्यंत यायचा आणि त्यांना ओलांडून पुढे जायचा, हातावर मात्र तिळगूळ पडायचा. ही गोष्ट आम्ही सगळ्याच जणी बघत होतो आणि कोणालाच ती नवीन नव्हती. एका वर्षी त्यांनी आपल्या घरी, फ्रीगंजमधल्या दोन खोल्यांत, स्वतःचं हळदीकुंकू केलं. मंडळातल्या सगळ्या बायकांना आमंत्रण, सवाष्ण असो, विधवा असो, बिनलग्नाची असो, आणि प्लॅटफॉर्म झाडणाऱ्या बायकांनाही. येईल तिला कुंकू. वाण म्हणून रेल्वेचं टाइमटेबल. "बायकांना कुठे जायचं असेल तर विचारावं लागू नये," एवढंच कारण त्यांनी दिलं. माझ्या सासूबाई, विधवा होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तिथून कपाळावर कुंकू घेऊन आल्या. टाइमटेबल देवघरात ठेवलं.

निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्यात आधी एक मोठा टीव्ही घेतला, नेट जोडलेला. मी वर्गणीची पावती द्यायला गेले, तर पडद्यावर शंभरावर माणसं काळे कपडे घालून बसलेली. व्हायोलिनांच्या रांगा, पितळी वाद्यांच्या रांगा, मागे पायऱ्यांवर बसलेले गाणारे. मला वाटलं, चुकून लागलंय. पहिल्यांदा ते चुकूनच लागलं होतं. त्या श्रावणातल्या महाकालाच्या सवारीचा व्हिडिओ शोधत होत्या, बोट कुठेतरी पडलं आणि हे सुरू झालं. त्यानंतर मात्र त्यांनी ते सोडलं नाही.

कोणा जर्मन बोलणाऱ्या संगीतकाराची, शंभर वर्षांहून जुनी सिम्फनी होती ती. जवळजवळ दीड तासाची. संगीतकाराचं नाव मला तेव्हा उच्चारता येत नव्हतं आणि अजूनही मी त्या फंदात पडत नाही. शरयूताई त्याला नुसतं "तो" म्हणायच्या.

"त्या मागच्याकडे बघ," त्या मला म्हणाल्या. सगळ्यात मागे एक टकला माणूस झांजांसारख्या दोन मोठ्या थाळ्या मांडीवर घेऊन बसला होता. तो काही वाजवत नव्हता.

मी विचारलं, हा काय करतो.

"बसलाय. त्याची वेळ यायचीय. बराच वेळ बसतो, पण झोपत नाही बघ. डोळे बघ त्याचे. कॅमेरावाल्याला अक्कल आहे, वाट बघणाऱ्यांची तोंडं दाखवतो."

मग त्यांनी मला ते दाखवलं ज्याच्यासाठी त्या ही सिम्फनी परत परत बघत होत्या. शेवटच्या भागात एका ठिकाणी स्टेजवरचे सगळे थांबतात आणि तुताऱ्यांचा आवाज येतो, पण स्टेजवर तर कोणी तुतारी तोंडाला लावलेली नसते. आवाज हॉलच्या बाहेरून येतो. काही वादकांना त्याने मुद्दाम बाहेर उभं केलेलं असतं, दाराआड. वेगवेगळ्या शहरांत केलेल्या याच सिम्फनीच्या चित्रफिती शरयूताईंनी शोधून शोधून बघितल्या होत्या. सगळीकडे बाहेरचा आवाज ऐकू येत होता, माणसं कुठेच दिसत नव्हती. फक्त या एका चित्रफितीत कॅमेरा क्षणभर बाहेर जायचा. एक साधा पॅसेज, भिंतीला आग विझवायचं नळकांडं, आणि काळ्या कोटातली चार-पाच माणसं एका छोट्या टीव्हीकडे डोळे लावून उभी. त्या टीव्हीवर आतल्या कंडक्टरचे हात दिसत होते. त्या हातांच्या इशाऱ्यावर ती फुंकत होती.

"हीच फिल्म खरी," शरयूताई म्हणाल्या. "बाकीच्यांनी यांना दाखवलंच नाही."

मी त्यांना या सगळ्याचा अर्थ विचारला. मला कार्यक्रमाच्या निवेदनात लिहायला अर्थ लागतो.

"अर्थ-बिर्थ काही नाही गं. माणूस मरतो, ते याला पसंत नाही. मग तो दीड तास भांडतो. झालं."

यानंतर वर्षा-दीड वर्षात त्या दोनदा-तीनदा इंदूरला जाऊन आल्या. रिपोर्ट काय आले ते सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सिग्नल मिळालाय. पुढे लाइन क्लिअर नाही." एवढ्यावर मी समजून घेतलं.

त्यांना जवळचं म्हणावं असं पुण्याचा एक पुतण्या. चांगला मुलगा. तो आला आणि त्याने भीत भीत विषय काढला की आत्या, तुझं नंतरचं करायला मी आहेच, पण तुझ्या मनात असेल तर सिद्धवटावर माणसं जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करतात. उज्जैनला लोक देशभरातून येतात या कामासाठी, तू तर इथेच आहेस. मला वाटलं, त्या त्याला झोडपतील. पण त्या गेल्या. सिद्धवटाला बसल्या, गुरुजींनी सांगितलं ते सगळं केलं, पिंड ठेवले, पुतण्याला गाडीत बसवून दिलं आणि संध्याकाळी सरळ मंडळाच्या ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसल्या.

"गुरुजी भला माणूस होता," त्या म्हणाल्या. "पण मागे चार पार्ट्या उभ्या. त्याला घाई, मला घाई, कावळ्यालाही घाई. असं नाही जाणार मी. मला माझी स्मृतिसंध्या पाहिजे."

आमच्या मंडळात ही प्रथा आहे. सभासद गेला की घरचे त्याच्या नावे एक संध्याकाळ देतात. फोटो, समई, दोन शब्द, मग भक्तिगीतं किंवा नाट्यगीतं, मध्यंतरात पोहे-चहा. मी विचारलं, कोणाच्या स्मरणार्थ. नोंदवहीत तसा रकाना आहे.

"माझ्याच."

"ताई, तुम्ही जिवंत आहात."

"म्हणून तर. नंतर मला ऐकू येणार आहे का? आणि माझ्यामागे तुम्ही काय लावाल ते मला माहिती आहे. त्या जोशांच्या सुनेचे अभंग. मला ती सिम्फनी लावायची आहे, मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये एक मिनिट तोडायचं नाही. एक मिनिट तोडायचं नाही."

हे मी कमिटीपुढे ठेवलं. अध्यक्ष नाना ढवळीकर, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, सज्जन आणि सगळ्यांना सांभाळून घेणारे. सगळ्यांना सांभाळणं हेच त्यांचं दुखणं होतं. त्यांनी शरयूताईंना बोलावून समजावलं. असं आजवर झालेलं नाही. आजवर कोणी जिवंतपणी मागितलंच नाही, ताई म्हणाल्या. नियमात बसत नाही, नाना म्हणाले. नियमावली माझ्यासमोर होती. सभासदाच्या नावे संध्याकाळ देता येईल असं तिच्यात होतं, सभासद गेलेला असला पाहिजे असं नव्हतं. मी तेवढं वाचून दाखवलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या ताटातली वाटी उचलली होती.

मग नाना मध्यममार्गावर आले. वीस मिनिटं ते विलायती, मग मध्यंतर, मग आपलं गाणं. शरयूताई मान हलवत राहिल्या.

"शरयूबाई, दीड तास कोणी बसणार नाही. लोक उठून जातील हो."

"जाऊ देत, नाना. माझा जन्म स्टेशनवर गेला. माणसं गेली तर मला काही होत नाही."

शेवटी संध्याकाळ मिळाली, सबंध. मध्यंतर नाही, पोहे शेवटी. मी तसं आचाऱ्याला सांगितलं, लिहून दिलं. नानांनी नंतर त्याला परस्पर फोन करून पोहे मध्यावर आणायला सांगितले, हे मला त्या दिवशी हॉलमध्ये कळलं. नानांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की ते बाईंची लाज राखताहेत.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दुपारीच हॉलवर गेले. साउंड आणि प्रोजेक्टर देवास गेटच्या इरफानभाईंचा, जो एरवी नवरात्रात गरब्याला लागतो. इरफानभाईंनी फिल्म थोडी चालवून बघितली आणि मला म्हणाले, मॅडम, इसमें तो सब कुछ है, बास भी है. ते खूश होते.

मग फ्लेक्स लावला गेला. छापणाऱ्याने मागच्या वर्षीचाच नमुना काढला होता, फक्त नाव आणि फोटो बदलून. "कै. शरयू दिघे स्मृतिसंध्या." आणि स्टेजवर, सवयीने, मंडळाच्या गड्याने त्यांचा फोटो टेबलावर ठेवून त्याला चंदनाचा हार घातलेला, समोर समई आणि उदबत्ती. हे काढायला सांगेपर्यंत शरयूताई दारात उभ्या. निळी साडी, नवी. बऱ्याच वाळल्या होत्या, पण ताठ.

त्यांनी फ्लेक्स वाचला. फोटोकडे बघितलं. मी माफी मागायला लागले, कापड लावून "कै." झाकते म्हणाले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "गाडी यायच्या आधीच घोषणा करायची असते."

आणि पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसल्या.

हॉल भरला. कुतूहल होतं, पोहे होते. मंडळाची माणसं येत, सवयीने चपला काढून स्टेजवर जात, फोटोला फूल वाहून नमस्कार करत, वळत, आणि समोर खुर्चीत त्याच बाई बसलेल्या दिसत. काय करावं ते न कळून परत नमस्कार करत. ताई प्रत्येकाला नमस्कार परत करत होत्या, दोन्हींच्या बदल्यात एक. मागच्या रांगा भरल्या त्या स्टेशनच्या माणसांनी. निवृत्त गार्ड, चहावाले, लाल डगलेवाले जुने कुली. त्यांना ताईंनी स्वतः बोलावलं होतं. यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यभर त्यांचा आवाज ऐकलेला आणि चेहरा आज बघत होते. एक म्हातारा कुली पुढे येऊन त्यांना नीट न्याहाळून म्हणाला, "दीदी, हम तो समझे थे आप लंबी होंगी."

"माइक लंबा था, भैया," ताई म्हणाल्या.

दिवे गेले. सुरुवातच अशी की सगळ्या जाड तारा एकदम गुरगुरल्या आणि स्वयंपाकघरात रचलेली स्टीलची ताटं थरथरली. दोन बायकांनी कानाला पदर लावला. पण पडदा मोठा होता आणि माणसं मोठी दिसत होती: गालावरून घाम ओघळणारा कंडक्टर, दात ओठ खाऊन वाजवणारी एक व्हायोलिनवाली. मंडळाचे कीर्तनकार गोडसेबुवा माझ्या बाजूला बसले होते. एका ठिकाणी सगळा कल्लोळ एकदम पडला आणि मागे एकच बासरीसारखा सूर उरला, तिथे बुवांच्या तोंडून "वा" निघून गेलं. ताईंनी मागे वळून बघितलं. मला वाटलं, ओरडणार.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तिथेच म्हणायचं असतं."

पहिला भाग संपला. आणि या सिम्फनीत पहिल्या भागानंतर एक लांब विराम आहे. तो संगीतकारानेच ठेवलेला आहे. पडद्यावर कंडक्टर मान खाली घालून उभा, वादक वाद्यं खाली ठेवून गप्प बसलेले, कोणी हलत नाही. शरयूताईंना तो विराम पाठ होता. आमच्या हॉलमध्ये तो आणखी कोणालाच माहीत नव्हता. आणि नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला.

नानांनी हात वर केला. दिवे लागले. इरफानभाईंनी दिवे बघून फिल्म थांबवली. नाना शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवर चढले, माइक हातात घेतला, रसिकहो म्हणाले. खुर्च्या सरकल्या, मुलं दाराकडे धावली, आचाऱ्याची माणसं शेव घातलेल्या पोह्यांच्या प्लेटी घेऊन रांगांत शिरली. मी उभी राहून हातवारे करत होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. एकदा उठलेला हॉल परत बसत नाही. दहा वर्षं कार्यक्रम केलेत मी, मला ते माहीत आहे. त्या क्षणी मी मनातल्या मनात सिम्फनी संपवून टाकली होती.

शरयूताई उठल्या. तीन पायऱ्या चढताना कठड्याला धरून थांबल्या. मग जाऊन नानांच्या हातातून माइक घेतला, एका बोटाने त्यावर टिचकी मारली, आणि किती वर्षांनी तो आवाज उज्जैनमध्ये परत आला.

"यात्रीगण कृपया ध्यान दें। यात्रीगण कृपया ध्यान दें। गाड़ी सिग्नल पर खड़ी है। यह स्टेशन नहीं है। कृपया कोई यात्री यहाँ न उतरे।"

मी माणसं बसताना बघितली. ठरवून नाही बसली कोणी. पाठीमागचे कुली तर त्या पहिल्या शब्दालाच उठताउठता थांबले होते. गोडसेबुवा बसले, दाराशी गेलेली मुलं परतली, आचाऱ्याचा एक माणूस हातातल्या प्लेटी घेऊन जमिनीवरच टेकला. नाना शाल हातात धरून स्टेजच्या कडेला बसले, कारण खाली यायला त्यांना वाट नव्हती. ताईंनी इरफानभाईंकडे बघून मान हलवली. दिवे गेले. पडद्यावर कंडक्टरने मान वर केली.

त्यानंतर कोणीच उठलं नाही असं मी म्हणणार नाही. मधल्या नाचऱ्या भागात काही गेले, गाणारी बाई उभी राहिली तेव्हा काही गेले. माणसं अंधारात पोहे खात होती, चमच्यांचे आवाज येत होते. ताईंनी त्याला हरकत घेतली नाही. बाहेरच्या तुताऱ्या वाजल्या आणि कॅमेरा त्या पॅसेजमध्ये गेला तेव्हा त्यांनी हात लांब करून सगळ्या हॉलला ती माणसं दाखवली, बोटाने. मग ते कोरसचे लोक गायला लागले, बसल्या जागीच, इतक्या हळू की आधी वाटलं रस्त्यावरून काही येतंय. चमचे थांबले. मग तो आवाज वाढत गेला, घंटा आल्या, ऑर्गन आला, इरफानभाईंनी मला न विचारता आवाज आणखी चढवला, आणि बाहेर रस्त्यावर जाणारे लोक दारात येऊन उभे राहिले.

पंधरा-वीस दिवसांत पुतण्या त्यांना पुण्याला घेऊन गेला, आणि पावसाळ्याआधी त्या तिथेच गेल्या. मंडळात शोकसभेचा विषय निघाला तेव्हा स्मृतिसंध्येसाठी कोणी तारीख मागितली. नाना म्हणाले, त्यांची झालेली आहे, पुढचा विषय घ्या. हा माणूस मला तेव्हापासून आवडतो.

मी त्यांना पुण्याला भेटायला गेले नाही. त्यांनी येऊ दिलं नाही. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या संध्याकाळचं, फिल्म संपली तेव्हाचं.

शेवटचा सूर थांबला. पडद्यावरचं सभागृह एकदम उठून उभं राहिलं, हजारो माणसं टाळ्या वाजवायला लागली. आमचा हॉल गप्प. आमच्याकडे स्मृतिसंध्येला टाळ्या वाजवत नाहीत. गाणं कितीही रंगो, हात मांडीवर. शेवटी उठायचं, फोटोला नमस्कार करायचा आणि आवाज न करता चपला शोधायच्या. हे कोणी लिहिलेलं नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याप्रमाणे लोक उठले. काहींनी हात जोडले. दोन बायका फोटोकडे निघाल्यासुद्धा.

शरयूताई खुर्चीतून उठून आमच्याकडे वळल्या. माइक नव्हता. त्याची गरजही नव्हती.

"अहो, इथे कोणी मेलेलं नाही. टाळ्या वाजवा."

मग मागून, कुलींच्या रांगेतून, जाड हातांचा आवाज आला. गोडसेबुवांनी वाजवल्या. नानांना आधी मांडीवरची शाल बाजूला ठेवावी लागली. मी वाजवल्या. त्या बायका फोटोसमोर उभ्या राहून वाजवायला लागल्या.

ताई आता आमच्याकडे बघत नव्हत्या. पडद्याकडे तोंड करून, अगदी पडद्याजवळ जाऊन, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होत्या. प्रोजेक्टरचा झोत त्यांच्या पाठीवर पडला होता आणि त्यांची मोठी काळी सावली पडद्यावर, त्या वादकांच्या रांगांमध्ये उभी होती. इरफानभाईंनी मला खुणेने विचारलं, दीदींना बाजूला व्हायला सांगू का? मी नाही म्हटलं. वादक एकेक करून उठत होते, वाकत होते. मग चित्र संपलं, पडदा कोरा निळा झाला, आमच्या टाळ्या विरत गेल्या. त्या वाजवतच होत्या.